वरच्या खुणेच्या वर

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गाडी दारात आली. दोंडाईच्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने सात वर्षं वापरलेली पांढरी डिझेल पिकअप. मागच्या फळीवर त्याने रंगवून घेतलेला मोर अजून आहे, मान तेवढी घासून गेली आहे. सून वृषालीने बॉनेटवर झेंडू ठेवले आणि आम्ही सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण म्हटलं. आवाज सर्वांत वर प्रज्ञाचा. सात वर्षांची नात, जन्म पुण्याचा, पण उच्चार किती स्वच्छ! तिची आजी, माझी रत्ना, असायला हवी होती. ती गेल्यापासून दोन वर्षांत या अंगणात एवढी माणसं एकदम उभी राहिली नव्हती.

संघपाल अकरा वर्षं पुण्यात कारखान्यात फिटर होता. आता कन्नड घाटात बंद पडलेल्या गाड्या जमलं तर जागेवर दुरुस्त करायच्या, नाहीतर पट्टा लावून ओढून आणायच्या, असा धंदा करणार आहे. इकडे त्याला टोचन म्हणतात. शब्द कानाला टोचतो खरा, पण मुलगा घरी आला तो त्याच शब्दाचा हात धरून.

"सहा महिने बघतो, नाना," तो म्हणाला. "गाडीने साथ दिली तर इथंच. नाही दिली तर पुण्याची खोली अजून सोडलेली नाही."

अगदी सहज म्हणाला. मला मात्र जेवताना तेच आठवत होतं.

संध्याकाळी चुडामण मिस्त्री गाडी बघायला आला. स्टेशनरोडला त्याचं गॅरेज आहे. चौथीला माझ्याच वर्गात होता. कविता पाठ नाही म्हणून मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं होतं. आज तो बॉनेटखाली वाकला आणि मी त्याच्यामागे विद्यार्थ्यासारखा उभा. "इंजिन बठ्ठं बरं शे," म्हणाला, म्हणजे सगळं ठीक. मग माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमले एक काम देस."

त्याने इंजिनातून एक लांब लवचिक पट्टी ओढून काढली. टोकाशी दोन खुणा. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पट्टी पुसायची, परत घालायची, काढून बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं.

"कमी व्हयनं ते सांगा. वाढनं ते पयले सांगा."

"वाढेल कसं रे? तेल म्हणजे काय विहीर आहे, झरा फुटायला?"

"नोझल गळनं का डिझेल खाले तेलमा उतरस, गुरुजी. तेल पातळ व्हस. मंग इंजिनले कोनी वाचाडत नही."

संघपाल हसला. "नानांना नोकरी लागली. आता रोज हजेरी."

खरंच लागली. निवृत्त होऊन तेरा वर्षांनी.

९ नोव्हेंबर

तेल मध्यावर. रंग मधासारखा, थोडा काळसर.

थंडीत गाडी सुरू होते तेव्हा आधी दोन आचके, मग एक लय धरते. पहिलीचा वर्ग कविता म्हणायला लागला की सुरुवातीला सगळे मागेपुढे असतात, तिसऱ्या ओळीला एका तालात येतात, तसं. मी ओट्यावर बसून मांडीवर बोटांनी ताल धरला. वृषालीने खिडकीतून पाहिलं आणि चहा आणताना म्हणाली, "नाना, गाडीला पण चाल लावली का?"

१४ नोव्हेंबर

संघपाल मला घाटात घेऊन गेला. दुसऱ्या वळणावर कांद्याचा टेम्पो बंद. चालक घाबरलेला, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवून बसला होता. संघपालने फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबला, एक नट ढिला केला, डिझेलबरोबर फेस आला. "हवा धरली होती, काका. दुसरं काही नाही." फेस संपला, सरळ धार आली, नट आवळला. आमच्या बॅटरीवरून वायर जोडली आणि टेम्पो सुरू. टोचनची गरजच पडली नाही. तो चालक सारखा त्याच्या हातांकडे बघत होता. मीही. याच हातांकडून मी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती.

येताना त्याने मला धुराचं शिकवलं. काळा म्हणजे डिझेल जास्त. पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे इंजिन स्वतःचं तेल खातंय, तेव्हा एक फर्लांगही पुढे जायचं नाही. मी घरी येईपर्यंत जुळवलं:

काळा धूर, घास जादा;
पांढरा धूर, थंडीची बाधा;
निळा धूर दिसला जर,
किल्ली काढ अन् गाडी आवर.

प्रज्ञाला एका दमात पाठ झालं. अंगणात नाचत म्हणत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल घाटात गाडी रडली. मागे भरलेली जीप, पुढे चढ. दुसऱ्या गियरमध्येही दम पुरेना. रस्त्यावर मागे रांग लागली, लोक हॉर्न मारून मारून बेजार. संघपाल घरी आला तो सरळ ताटावर बसला. वृषालीने विचारलं, "पुण्याच्या कारखान्यातून फोन आला होता ना आज? परत येता का म्हणून विचारलं?" तो म्हणाला, "विचारलं."

आज तो धुळ्याला गेला. तिथे प्रेमराज नावाचा एक जण गाडीला लॅपटॉप जोडून तिची ताकद वाढवून देतो. संध्याकाळी परत आला तेव्हा चेहरा फुललेला. "नाना, कंपनीनं घोड्याच्या पायाला दोरी बांधून ठेवली होती. त्यानं सोडली." मला शेजारी बसवून बायपासला नेलं. पाय दाबला तशी पाठ सीटला चिकटली. मागे काळा धूर. घास जादा, मी मनात म्हटलं.

चुडामणला कळलं तेव्हा त्याने हातातलं फडकं बाकावर आपटलं. "घोडानं पोट तेवढंच शे ना, भाऊ! खाणं वाढाडं, पोट कोन वाढाडी?"

"मिस्त्री, तुमच्या काळात गाड्यांना लॅपटॉप नव्हते."

"मन्हा काळमा गाड्या घर येत." माझ्या काळात गाड्या घरी येत, एवढंच बोलून तो स्कूटरवर बसला.

२९ नोव्हेंबर

तेल वरच्या खुणेला.

पट्टी तीन वेळा पुसून पाहिली. अंगण तसं पुढे उताराचं आहे, गाडी वाकडी उभी असणार.

३ डिसेंबर

वरच्या खुणेच्या वर. तांदळाच्या दाण्याएवढं.

संघपालने तोंडात ब्रश ठेवून विचारलं, "नाना, तेल?" मी म्हटलं, "ठीक." दाण्याएवढ्याचं काय सांगायचं? त्याला शिरपूरहून आलेली एक गाडी आणायला जायचं होतं, घाईत होता.

६ डिसेंबर

आज गाडी जागची हलली नाही. सकाळी पुतळ्यापाशी सगळे गेलो. परत आल्यावर संघपाल म्हणाला, "प्रज्ञाची शाळा किती बुडवायची? जानेवारीत तिला इथल्या शाळेत घालू का, नाना? दाखला आणावा लागेल." मी म्हटलं, "बघ तुझं." एवढंच म्हटलं. मग मागच्या खोलीत जाऊन उगाच पुस्तकं झटकत बसलो. चौथीची, तिसरीची, जुनी, कडा खाल्लेली. काही पानांवर पोरांनी पेन्सिलीने कवींना मिशा काढल्या आहेत. तिला कुठली कविता आधी शिकवावी याची निवड केली.

११ डिसेंबर

खुणेच्या वर चांगलं बोटभर. पट्टीला रॉकेलसारखा वास. तेल बोटावर थांबत नाही, पाण्यासारखं घरंगळतं.

सांगायला हवं. चुडामण नोझल काढेल, पंप काढेल, गाडी पंधरा दिवस गॅरेजला राहील. दाखला अजून पुण्यातच आहे. खोलीही.

उद्या सांगतो.

१२ डिसेंबर

सांगितलं नाही. दुसरंच केलं.

रत्नाच्या आजारपणातल्या सलाईनच्या नळ्या कपाटात पडून होत्या. माझ्याच्याने टाकवत नव्हत्या. त्यातली एक पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि मोठ्या सिरिंजने ओढलं. वेळ लागला. एक चहाचा कप भरला, तो कुंपणापलीकडे रिकामा केला. मग पट्टी पाहिली: बरोबर खुणेवर.

"नाना, तेल?"

"ठीक."

आणि हे खोटं नव्हतं. पट्टीवर ठीकच होतं. पस्तीस वर्षांत काठावरच्या किती पोरांना मी दोन गुण वाढवून दिले. त्यांचं काही वाईट झालं नाही. चुडामणच त्यातला एक.

१५ डिसेंबर

एक कप.

१७ डिसेंबर

एक कप.

१९ डिसेंबर

सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा धूर निळसर वाटला. धुकं होतं, आणि मागे कडुनिंबाची सावली. धुक्यात सगळंच निळं दिसतं. प्रज्ञा ओट्यावरून ओरडली, "निळा धूर दिसला जर..." मी तिला म्हटलं, "आत जा, सर्दी होईल." ती रुसली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

चुडामण आला होता. घाटात गाडी जोरात पळते असं त्याच्या कानावर गेलं होतं. बॉनेट उघडायला त्याने हात घातला आणि मग थांबला. मला म्हणाला, "गुरुजी, तेल?"

"ठीक आहे. रोज बघतो."

त्याने हात परत घेतला. "गुरुजी पाहतस ना, मंग मी काय पाहू!" संघपालकडे बघून म्हणाला, "तुना बाप शे म्हनीसन चालनं, भाऊ. दुसरा कोनी सांगता ते मी पट्टी काढीच पाहतू." आणि हसत हसत चहा प्यायला. मी बशी त्याच्यापुढे सरकवली. माझा हात स्थिर होता, याचंच आता नवल वाटतं.

तो गेल्यावर आणखी एक कप काढला.

२७ डिसेंबर

खोली आवरायला गेलेली वृषाली पुण्याहून आली. खोली सोडली. दाखला आणला. सोबत दोन पेट्या, एक कुकर आणि प्रज्ञाची सायकल. भांडी लावताना गुणगुणत होती. या घरात फळीवर भांडी वाजल्याचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला. वाटलं, झालं, आता काही होणार नाही. आता सांगता येईल. नव्या वर्षात चुडामणला बोलावून नोझल बदलून घेऊ. गाडी आता महिनाभर बंद राहिली तरी कोणी परत जायचं नाही.

म्हणजे मी कशाची वाट बघत होतो, हे मला आज लिहिताना समजतं आहे.

१ जानेवारी २०२५

कप. सांगितलं नाही. संघपालला सकाळीच सलग दोन फोन आले, सणासारखा उत्साह होता, तो मोडवेना.

३ जानेवारी

संध्याकाळी त्याने किल्ली काढली तरी इंजिन लगेच थांबलं नाही. तीन-चार आचके देऊन मग शांत झालं. "बघा नाना, हिलाही घरी येऊन थांबवत नाही," तो म्हणाला. मी हसलो.

रविवारी सांगतो. रविवारी तो घरी असतो.

४ जानेवारी

कप. इथे न लिहिलेले धरून नववा.

१० जानेवारी, धुळे

पाच तारखेचं आज लिहितो आहे. हॉस्पिटलच्या बाहेर झाडाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथे बसून.

रविवार होता, पण सकाळी आठला फोन आला. घाटात मोसंबीची पिकअप बंद पडली होती, तिला वर कन्नडला न्यायचं होतं. संघपाल म्हणाला, "चला नाना, वर गरम भजी खाऊ." मी शेजारी बसलो. म्हटलं, वाटेत सांगतो. चाळीसगाव मागे पडलं. पाटणादेवीकडे जाणारा फाटा गेला. तो गाणं म्हणत होता. मी म्हटलं, परतताना सांगतो.

पट्टा बांधला, त्यावर लाल फडकं लावलं. मागच्या गाडीच्या चालकाला त्याने बजावलं, "किल्ली चालू ठेवा, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. पट्टा ढिला पडू देऊ नका." सगळं नीट, शिस्तीत. तिसऱ्या वळणानंतर चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज बदलला. आधी शिटीसारखं काहीतरी, मग तो आवाज आपोआप चढायला लागला. संघपालने पाय काढला. आवाज चढतच गेला. त्याने किल्ली काढली. किल्ली त्याच्या हातात, आणि इंजिन किंचाळतंय. आरशात रस्ता दिसेना, मागे सगळा निळा-पांढरा धूर.

"तेलावर चाललीय!" तो ओरडला. किल्लीने डिझेल तुटलं होतं, पण इंजिन आता स्वतःचंच पातळ झालेलं तेल ओढून जाळत होतं. वरच्या गियरला टाकून बंद पाडायला गेला, पण ओढून ओढून क्लच जळाला होता, गाडीने जुमानलं नाही. हँडब्रेक ओढला. मागचा चालक उतरून चाकांखाली दगड टाकत होता. संघपाल मला म्हणाला, "नाना, उतरा, लांब जा." मी उतरलो. त्याने बॉनेट उघडलं, हवेचा जाड पाइप ओढून काढला, अंगातलं जाकीट गुंडाळलं आणि हवेचं तोंड दाबून धरलं. हवा तोडली की इंजिन मरतं. त्याला बरोबर ठाऊक होतं.

इंजिन मेलं. पण आधी इंजिनाने जाकीट आत ओढलं, आणि जाकिटाबरोबर हात.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

मी लांबच उभा होतो. त्याने सांगितलं होतं तेवढ्याच अंतरावर.

१४ जानेवारी

चुडामण बसने धुळ्याला आला. वॉर्डात शिरला नाही, व्हरांड्यात माझ्यापुढे खाली बसला. गाडी त्याच्याच गॅरेजला ओढून नेली आहे. त्याने इंजिन उघडलं.

"गुरुजी, टर्बोना बेअरिंग खलास. तेल नही ते, निस्तं डिझेल. एकाएकी कशं व्हयनं?" मग स्वतःच उत्तर दिलं. "तवय मी पट्टी काढीसन वास लेवाले पाहिजे व्हता. मन्हीच चूक शे, गुरुजी. माले माफ करा."

तो माझे पाय धरायला वाकला. मी मागे सरकलो. त्याला वाटलं, मी त्याला माफ केलं नाही. डोळे पुसत निघून गेला.

मी त्याला हाक मारली नाही.

२१ जानेवारी

घरी आलो. संघपाल दिवसभर ओट्यावर बसतो. काल म्हणाला, "आता पुण्याचा विषय संपला, नाना. फिटरला बोटं लागतात. तुम्ही म्हणाल तोवर इथंच." आणि हसला. तो घरी असतो. सकाळी असतो, दुपारी असतो. मी कूस बदलली की भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकू येतं.

मला हेच हवं होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

त्याचे मित्र आले होते. त्यांनी ठरवलं, चुडामणविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची. बावीस डिसेंबरला मिस्त्रीने गाडी पाहिली आणि चांगली आहे म्हणून सांगितलं, निष्काळजीपणा त्याचा. संघपालला आधी पटत नव्हतं. मग हाताकडे बघून म्हणाला, "द्या. कुणाचं तरी चुकलंच आहे ना."

अर्ज लिहायचा मी. गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहितो. मित्र गेल्यावर ओट्यावर पाट घेऊन बसलो, संघपाल सांगत होता, मी लिहीत होतो. अर्जदार, पत्ता, गाडीचा नंबर, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचं नाव. मग तो म्हणाला, "लिहा, माझे वडील दररोज सकाळी तेल तपासत होते व तेलाची पातळी योग्य होती."

मी 'माझे वडील' लिहिलं. पुढे पेन चालेना.

"काय झालं? अवघड शब्द आला का गुरुजींना?"

मी ते दोन शब्द खोडले. वर जिथे चुडामणचं नाव होतं तिथे रेघ मारली, त्याच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं: तेल वाढत होते. मला माहीत होते. मी ते नळीने एकेक कप काढून पातळी बरोबर करत होतो व मुलाला ठीक आहे असे सांगत होतो. मग कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने तो डाव्या हाताने उचलला. वारा होता, कागद फडफडत होता, नीट धरता येत नव्हता. मी धरायला गेलो तर त्याने हात बाजूला केला. वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचला.

"किती कप, नाना?"

"नऊ."

"कधीपासून?"

"बारा डिसेंबर."

"का?"

मी पेनाला टोपण लावलं. त्याने पेट्यांकडे पाहिलं, पुण्याहून आलेल्या, अजून दाराशीच ठेवलेल्या. मला वाटतं, त्याला कळलं. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

वृषाली चहा घेऊन बाहेर आली. दोघांना असं पाहून दारातच थांबली. "काय झालं?"

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "नाना सांगतील."